भूमची कचेरी शुक्रवारी बंद असे: कामाच्या तासांच्या हिशेबाचा इतिहास

१/
शुक्रवार, १७ सप्टेंबर १९४८. भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरल्याचा तो पाचवा दिवस होता. त्या दिवशी निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी संस्थानी फौजेचे सेनापती अल इद्रूस यांनी शरणागती पत्करली. मराठवाडा १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन म्हणून पाळतो. या तारखेविषयीची एक बारीकशी गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. हैदराबाद संस्थानात सरकारी कचेऱ्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. म्हणजे भूममध्ये तो नियमानेच कामकाज बंद असण्याचा वार होता. शेजारच्या बार्शीत, ब्रिटिशांकडून आलेल्या व्यवस्थेत, तोच शुक्रवार कामाचा होता.

२/
योगायोग असा, की १५ ऑगस्ट १९४७ हाही शुक्रवारच होता. बालाघाटच्या रांगेतले भूम तेव्हा निजामाच्या मुलखात होते आणि बार्शी मुंबई प्रांताच्या सोलापूर जिल्ह्यात. दोन्हीकडे बोली तीच, पिके तीच, सोयरीकही एकमेकांत. परंतु सरहद्द ओलांडली की नाणे बदले, सन बदले, दफ्तराची भाषा बदले आणि सुट्टीचा वारही बदले. अशा ठिकाणी ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामाचे दिवस किती?’ असे विचारले, तर उत्तर एक येत नाही. आज हा प्रश्न संगणकाला विचारला जातो आणि तो क्षणात एक आकडा देतो. तो आकडा कशावर उभा असतो, याचा हा इतिहास.

३/
आधी संगणकाची रीत पाहू. दोन तारखांमधील कामाचे तास काढायचे असतील, तर कोणत्याही सॉफ्टवेअरला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. दिवसाचे कामकाज किती वाजता सुरू होते आणि किती वाजता संपते? साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी? आणि त्याखेरीज कोणत्या तारखांना सुट्टी आहे? पहिला आणि शेवटचा दिवस अर्धवट असेल, तर त्यातील कचेरी उघडी असतानाचे तासच धरायचे. मधल्या पूर्ण दिवसांना ठरलेल्या तासांनी गुणायचे. भोजनाची वेळ वजा करायची. गणित शाळकरी मुलालाही जमेल इतके सोपे आहे. अवघड आहेत ते तीन प्रश्न, कारण त्यांची उत्तरे गणितात सापडत नाहीत.

४/
एक्सेलमध्ये ‘नेटवर्कडेज’ नावाचे सूत्र आहे. ते शनिवार-रविवार वगळून कामाचे दिवस मोजते. पण जगात सर्वत्र शनिवार-रविवार सुट्टी नसते. म्हणून एक्सेलच्या २०१०च्या आवृत्तीत या सूत्राला ‘इंटल’ असे शेपूट जोडलेला दुसरा प्रकार आला. त्यात सुट्टीचा वार क्रमांकाने सांगता येतो. फक्त रविवार हवा असेल, तर ११. फक्त शुक्रवार हवा असेल, तर १६. जुन्या सरहद्दीचे वर्णन या दोन आकड्यांतही करता येईल: बार्शी ११, भूम १६. कोणत्याही प्रोग्रॅमरने हे कोष्टक भूमसाठी केलेले नव्हते. तरी भूमचा इतिहास त्यात अचूक बसतो.

५/
प्रत्यक्ष मोजून पाहू. शुक्रवार ३ सप्टेंबर १९४८ ते शनिवार ११ सप्टेंबर १९४८, दोन्ही दिवस धरून नऊ दिवस होतात. सणांच्या सुट्ट्या तूर्त बाजूला ठेवू. बार्शीच्या हिशेबाने त्यात एक रविवार येतो, म्हणून कामाचे दिवस ८. भूमच्या हिशेबाने दोन शुक्रवार येतात, म्हणून ७. आणि कोणी काही न सांगता आजचे साधे ‘नेटवर्कडेज’ चालवले, तर ते दोन शनिवार आणि एक रविवार वगळून ६ सांगेल. तारखा त्याच, गणित निर्दोष, उत्तरे तीन. तिसरे उत्तर त्या काळात भूम किंवा बार्शी कुठेही खरे नव्हते. पण पडद्यावर तेच सर्वांत आधी उमटेल.

६/
सरहद्दीवरच्या माणसाला आणखी एक हिशेब करावा लागे. ज्याचे काम दोन्हीकडच्या कचेऱ्यांत अडकलेले असेल, त्याच्या दृष्टीने शुक्रवारी इकडचे दार बंद आणि रविवारी तिकडचे. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी असण्याचे दिवस आठवड्यात पाचच. शनिवार या दोन बंद वारांच्या मधोमध एकटा पडे. पाच दिवसांचा आठवडा ही एकविसाव्या शतकाची गोष्ट समजली जाते. सरहद्दीवरच्या सरकारी व्यवहारात तो, कोणी जाहीर न करताच, आधीपासून होता.

७/
वार ठरला तरी तारीख उरतेच. हैदराबाद संस्थानाच्या कारभारात फसली सन चाले. त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने उघडे. पुढे दै, बहमन, इस्फंदार असे फारसी नावांचे महिने येत. जानेवारी ते सप्टेंबरच्या काळात इसवी सनातून ५९१ वजा केले, की फसली सन मिळतो. वर्ष उलटून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० वजा करावे लागतात. जहागिरी रद्द करणारा कायदा ऑगस्ट १९४९ मधला आहे, पण त्याच्या नावात १३५८ फसली हे वर्ष आहे. मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत आजही १३१७ फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्याचा उल्लेख येतो. अशा कागदावरची मुदत मोजायची, तर आधी सन ओळखावा लागतो.

८/
कचेरीच्या बाहेरची मोजणी याहून जुनी होती. दिवस-रात्रीच्या साठ घटिका, घटिका चोवीस मिनिटांची, साडेसात घटिकांचा एक प्रहर. शेतीत मात्र घटिकेपेक्षा साल महत्त्वाचे. मराठवाड्यात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला सुरू होते आणि पुढच्या पाडव्याला फिटते. मधल्या गैरहजेरीला ‘खाडा’ म्हणतात आणि खाडे सालाच्या रकमेतून वळते होतात. पण पाडवा ते पाडवा हे अंतर सारखे नसते. २ एप्रिल २०२२चा पाडवा ते २२ मार्च २०२३चा पाडवा हे ३५४ दिवस. तिथून ९ एप्रिल २०२४च्या पाडव्यापर्यंत ३८४ दिवस, कारण मध्ये अधिक श्रावण आला. रक्कम सालावर ठरली असेल, तर हे तीस दिवस कोणाच्या खात्यात जातात, हे उघड आहे.

९/
आता रविवार. तोही आभाळातून पडलेला नाही. ब्रिटिश कचेऱ्यांत तो राज्यकर्त्यांच्या धर्माबरोबर आला, पण मजुरांपर्यंत आपोआप पोचला नाही. १८८१च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांपुरतेच पाहिले: सात वर्षांखालील मूल कामावर नको, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको आणि त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या. प्रौढ कामगारांच्या तासांना मर्यादा नव्हती. मुंबईच्या गिरण्या उजाडता सुरू होत आणि अंधार पडेपर्यंत चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. मजुरी मात्र उन्हाबरोबर वाढत नसे.

१०/
या परिस्थितीत नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राचे चालक. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत त्यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या आज वाचल्या, तर त्या जणू सॉफ्टवेअरच्या तीन प्रश्नांची उत्तरे वाटतात: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद, आणि पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. दिवसाची सुरुवात घड्याळाने आणि शेवट सूर्याने, ही त्या काळाची खूण.

११/
हे लगेच मिळाले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१च्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ दिले, स्त्रियांचे काम अकरा तासांपर्यंत आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांपर्यंत मर्यादित केले. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना गेले. आज एक्सेलमध्ये ‘११’ हा आकडा निवडायला एक क्षण लागतो. मुंबईच्या गिरण्यांत त्याला सहा वर्षे लागली.

१२/
पुरुष कामगारांच्या तासांना मर्यादा यायला आणखी काळ गेला. १९११ मध्ये कापड गिरण्यांत बारा तास. १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत दिवसाला दहा आणि आठवड्याला चौपन्न. आणि शेवटी १९४८च्या फॅक्टरी कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. ज्या वर्षी भूमची राजवट बदलली, त्याच वर्षी हा अठ्ठेचाळीसचा आकडा कायद्यात पक्का झाला. मुंबई प्रांताचा दुकाने व आस्थापना कायदाही १९४८चाच. मजुराचा दिवस आता सूर्याऐवजी घड्याळाने संपू लागला.

१३/
पण घड्याळ तरी कोणाचे? १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली: ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे होती. याआधी १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली होती. लोकांच्या विरोधापुढे १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. प्रमाणवेळेलाही मुंबईने तसाच विरोध केला आणि महापालिकेने ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत जपला. एकाच शहरात रेल्वेचे दहा वाजत, तेव्हा पालिकेच्या घड्याळात नऊ वाजून एकवीस मिनिटे झालेली असत.

१४/
भूम साधारण पूर्व रेखांश ७५.६६ अंशांवर आहे आणि प्रमाणवेळेचा रेखांश ८२.५. अंशाला चार मिनिटे धरली, तर भूमचा सूर्य घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे चालतो. मध्यान्ह सरासरीने १२ वाजून २७ मिनिटांनी होते. सूर्यावर दिवस मोजणारा शेतकरी आणि घड्याळावर दार बंद करणारी कचेरी यांत अर्ध्या तासाचे अंतर असे तयार होते. या भागात घड्याळाची सक्ती आणली ती रेल्वेने. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये निजामाच्या मुलखातल्या लातूरपर्यंत पोचली. गाडी कोणाच्या सूर्यासाठी थांबत नाही.

१५/
दुसऱ्या महायुद्धात आणखी एक गुंता झाला. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातील घड्याळे एक तास पुढे केली होती. म्हणजे ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास पुढे. जगभरचे संगणक ज्या कालविभागांच्या सामायिक कोशावर चालतात, त्यात भारतासाठी ‘आशिया/कोलकाता’ अशी एकच नोंद आहे आणि तिच्यात हा युद्धकाळचा तास नोंदलेला आहे. मुंबईने १९५५ पर्यंत जपलेली वेगळी वेळ मात्र त्या नोंदीत नाही. शासनाने ठरवलेली वेळ यंत्राच्या स्मरणात राहिली. एका शहराने हट्टाने पाळलेली वेळ राहिली नाही.

१६/
राजवट बदलल्यावर संस्थानातील कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवारवरून रविवारवर गेली आणि फसलीची जागा इसवी सनाने घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. भूम आणि बार्शी यांचे वार अखेर जुळले. परंतु जुन्या दफ्तरातील कागद जुन्या वारांचेच राहिले. १९४५ मधल्या एखाद्या हुकुमाची मुदत शुक्रवारी संपत असेल, तर तिच्यासाठी १६ क्रमांक वापरायचा. १९५५ मधली असेल, तर ११. एकाच गावाच्या एकाच कपाटातील दोन कागदांना दोन वेगळी सूत्रे लागतात.

१७/
मुदत सुट्टीच्या दिवशी संपली, तर काय करायचे? या प्रश्नाला कायद्याने दोन उलट उत्तरे दिली आहेत. १८९७च्या सामान्य वाक्खंड कायद्यानुसार न्यायालयात किंवा कचेरीत करायची गोष्ट शेवटच्या दिवशी दार बंद असल्यामुळे राहिली, तर ते पुन्हा उघडेल त्या दिवशी केलेली चालते. मुदत पुढे सरकते. १८८१च्या परक्राम्य संलेख कायद्यानुसार मात्र हुंडी किंवा वचनचिठ्ठी सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी देय होत असेल, तर ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय समजतात. मुदत मागे येते. राज्य सरकार दरवर्षी सुट्ट्यांची यादी काढते, तीही याच १८८१च्या कायद्याच्या कलम २५चा आधार घेऊन.

१८/
काही मुदतींना सुट्टीच नसते. २००५च्या माहिती अधिकार कायद्यात उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. पण माहिती कोणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर अठ्ठेचाळीस तासांची. हे घड्याळाचे तास आहेत, कचेरीचे नव्हेत. कोणी चुकून त्यांना कामाचे तास समजून दिवसाला आठ या हिशेबाने मोजले, तर अठ्ठेचाळीस तासांचे सहा कामाचे दिवस होतील आणि मध्ये शनिवार-रविवार आले, तर त्याहून जास्त. कोठडीत असलेल्या माणसाच्या नातेवाइकाला दोन दिवसांत मिळायचे उत्तर आठवड्याने मिळेल. सूत्रातील एका चुकीच्या निवडीची किंमत इथे दिसते.

१९/
महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत दीर्घकाळ रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार अशी सुट्टी होती. बँकांनाही १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी मिळाली. ही पद्धत भारतीयांना तोंडपाठ आहे, पण एक्सेलच्या सुट्टीच्या कोष्टकात तिच्यासाठी क्रमांकच नाही. तिथे शनिवार एक तर प्रत्येक आठवड्याला सुट्टीचा किंवा प्रत्येक आठवड्याला कामाचा. म्हणून इथल्या कारकुनाला आणि प्रोग्रॅमरला वर्षाचे चोवीस शनिवार शोधून ते सणांसारखे वेगळ्या यादीत भरावे लागतात. यादीत एक तारीख चुकली, तर पुढचा प्रत्येक हिशेब एका दिवसाने चुकतो.

२०/
मग १२ फेब्रुवारी २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने पाच दिवसांचा आठवडा मान्य केला आणि २९ फेब्रुवारीपासून तो अमलात आला. तेव्हा मांडलेला हिशेब असा: आधी वर्षाचे कामाचे दिवस २८८, रोजचे काम भोजनाचा अर्धा तास वगळून ७ तास १५ मिनिटे, म्हणून वर्षाचे २,०८८ तास. नव्या पद्धतीत दिवस २६४, वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा, म्हणून रोज ८ तास आणि वर्षाचे २,११२. म्हणजे कामाचे दिवस चोवीसने कमी आणि तास चोवीसने जास्त.

२१/
ही बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. फक्त ती महिन्याच्या सरासरीवर उभी आहे: आधी महिन्याला २४ दिवस, नंतर २२. आता प्रत्यक्ष दिनदर्शिका घेऊन २०२१ हे वर्ष मोजू. ३६५ दिवसांतून ५२ रविवार आणि २४ शनिवार वजा केले, की जुन्या पद्धतीचे २८९ दिवस. सव्वासात तासांनी गुणले, तर २,०९५ तास १५ मिनिटे. नव्या पद्धतीत ५२ शनिवार आणि ५२ रविवार वजा करून २६१ दिवस. आठने गुणले, तर २,०८८ तास. इथे तास वाढत नाहीत, सुमारे सात तासांनी घटतात. सणांच्या सुट्ट्या अजून कोणत्याच हिशेबात धरलेल्या नाहीत. सरासरी आणि दिनदर्शिका यांतील निवड झाली, की उत्तराची दिशाच बदलते.

२२/
सणांच्या सुट्ट्या धरायला गेले, की यादीही स्थिर राहत नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आली. दोन्ही मिरवणुका एकाच दिवशी नकोत, म्हणून ईदची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरले आणि सरकारने २९ सप्टेंबरला सुट्टी जाहीर केली. सलोख्यासाठी घेतलेल्या या निर्णयाची खबर कोणत्याही सॉफ्टवेअरला आपोआप लागत नाही. कोणीतरी माणूस परिपत्रक वाचतो आणि यादीत तारीख बदलतो. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, त्यांचेही तसेच. धाराशिवची यादी पुण्याच्या सर्व्हरमध्ये चालेलच, असे नाही.

२३/
आणि कधी कधी काळच थांबवावा लागतो. पाच दिवसांचा आठवडा सुरू होऊन पंधरवडा होतो न होतो, तोच करोनाची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ न्यायालयीन मुदतीतून वगळला. मोजले, तर हे ७१६ दिवस होतात. या काळात सूर्य रोज उगवला आणि घड्याळे चालली. परंतु अपील करू पाहणाऱ्या माणसासाठी ते दिवस मोजलेच गेले नाहीत. या आदेशाशिवाय असंख्य पक्षकारांचा हक्क टाळेबंदीतच संपला असता. मुदतीचा हिशेब न्यायासाठी असतो, हे न्यायालयाने इथे लक्षात ठेवले.

२४/
हिशेब कचेरीच्या दाराबाहेरही पोचला आहे. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्याने दगड फोडून आणि बांध घालून पोट भरले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला. तेव्हा हजेरीपट कागदाचा होता. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याखालील कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा, वेळ आणि स्थळ नोंदवणारी छायाचित्रे काढून हजेरी घेणे सक्तीचे झाले. मजुरी पंधरा दिवसांत न मिळाल्यास सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाईची तरतूदही होती. दोन्ही हिशेब यंत्र करू शकते: मजूर किती वेळ हजर होता आणि सरकार किती दिवस उशिरा आले. पहिला रोज दोनदा तपासला जातो. दुसरा कोण तपासते, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

२५/
या सगळ्या मोजणीच्या बाहेर राहिलेली माणसेही बालाघाटातच आहेत. दिवाळीच्या आसपास ऊसतोडणीसाठी बिऱ्हाडे बाहेर पडतात. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’, आधी घेतलेली उचल आणि मजुरी टनावर. पहाटे फडात जायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. गाडी रात्री आली, तर रात्री. या कामाला सुरुवातीची वेळ नाही, शेवटची नाही, वारही नाही. सॉफ्टवेअरच्या तीन प्रश्नांपैकी एकालाही उत्तर नसल्यामुळे सूत्र इथे चालतच नाही. १८८४ मध्ये लोखंड्यांनी मागितलेला रविवार फडापर्यंत अजून पोचायचा आहे.

२६/
भूम तालुक्यातील खव्याच्या भट्ट्यांचेही असेच. गाय-म्हैस शुक्रवार पाळत नाही आणि रविवारही नाही; दूध रोज येते आणि रोज आटवावे लागते. कामकाजाची वेळ ही निसर्गात नसते, ती माणसांनी ठरवलेली असते, हे तिथे उभे राहिले, की समजते. निजामाने एक वार ठरवला, इंग्रजांनी दुसरा, कामगारांनी झगडून तो आपलासा केला, मंत्रिमंडळाने त्याला आणखी एक जोडला. संगणकाने यातले काहीच ठरवलेले नाही. तो फक्त सांगितलेले पाळतो, आणि न सांगितलेल्या जागी दूर कुठेतरी बसलेल्या कोणाची तरी सवय भरतो.

२७/
म्हणून जुन्या कागदावरची मुदत मोजताना आधी चार गोष्टी पाहाव्यात: सन कोणता, घड्याळ कोणते, सुट्टीचा वार कोणता आणि मोजायचे दिवस पंचांगाचे की कचेरीचे. मग सूत्र चालवावे. १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख एक्सेलमध्ये टाकली, तर तो शुक्रवार असल्याचे लगेच कळते आणि साधे सूत्र तो कामाचा दिवस म्हणून मोजते. भूमच्या कचेरीला त्या दिवशी सुट्टी होती. पुढे कचेऱ्यांचा वार बदलला आणि शुक्रवार तिथे कामाचा झाला.